कॉलेज : इतर

आपल्या भागात माणसाला यश मिळालं की ते आधी चौकात कळतं आणि मग त्याच्या घरी. पोरगा पोलिसात लागो, बैल शर्यतीच्या घाटात पहिला येवो, नाहीतर कुणी नवा ट्रॅक्टर घेवो, फ्लेक्स लागलाच पाहिजे. ज्याचा फ्लेक्स नाही त्याचं यश लोक धरतच नाहीत.

आशा करगळ नारायणगावात, ओझरकडे वळणाऱ्या फाट्यावर, स्वतःच्याच फ्लेक्सखाली उभी होती आणि मामाशी भांडत होती.

फ्लेक्स चांगला दांडगा होता. कोपऱ्यात विघ्नहर, मधे आशा, आणि आशाच्या दुप्पट आकाराचा, गॉगल लावलेला हौशीराममामा. खाली शुभेच्छुकांच्या मुंडक्यांच्या दोन रांगा. "आमची लाडकी भाची ॲड. आशा ज्योतिबा करगळ हिला वकिलीची सनद मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन" इथपर्यंत सगळं खरं होतं. त्याच्या खालच्या ओळीत मात्र मोठ्या लाल अक्षरांत लिहिलं होतं, "राष्ट्रीय विधी विद्यापीठ – सुवर्णपदक".

हे पदक आशाचं नव्हतं. ते संयमचं होतं. कापडदुकानवाल्या फतेचंदशेठचा पोरगा संयम गेल्या वर्षी वकील झाला तेव्हा त्याचा फ्लेक्स याच फाट्यावर लागला होता आणि तोही दादाभाऊनेच छापला होता. दादाभाऊच्या दुकानाची रीतच तशी. नवीन फ्लेक्स कोण कशाला बनवतो? कॉम्प्युटरवर जुना उघडायचा, नाव बदलायचं, तोंड बदलायचं, छापून मोकळं व्हायचं. पहिल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर त्याने एकदा "भावपूर्ण" राहू दिलं होतं, तरी लोक त्याच्याकडेच जातात. आशाच्या बाबतीत त्याने नाव बदललं, तोंड बदललं आणि ती एक ओळ राहिली. धडसुद्धा राहिलं. काळा कोट, पट्ट्यापट्ट्यांचा टाय, रुंद खांदे हे सगळं संयमचं, आणि वर तोंड आशाचं.

"मामा, खाली काढा ते. आत्ताच्या आत्ता."

"आगं, कालच लावलाय. येवढ्यात काढला तर लोकं म्हणतील, पोरीची सनद काढून घेतली."

"त्याच्यावर खोटं लिवलंय."

"काय खोटं? तू वकील झाली का न्हाय?"

"झाले."

"मग?"

"मी त्या विद्यापीठात नव्हते. मला पदक न्हाई. पंचावन्न टक्के हायेत अन् एक केटी हाय."

"आता केटी फ्लेक्सवर कोण लिवतं?" मामाने विचारलं. त्याला खरंच ते समजून घ्यायचं होतं.

आशाला हसू आलं नाही. एरवी आलं असतं. मामाच्या घरी राहूनच ती शिकली होती, त्याच्या टोमॅटोच्या क्रेटवर बसून अभ्यास केला होता, आणि त्याचा भाबडेपणा तिला माहीत होता. पण त्या लाल ओळीने तिच्या वर्मावर बोट ठेवलं होतं. शाळेत आशा आणि संयम एका वर्गात. दहावीला ती त्याच्या पुढे होती. बारावीनंतर संयम पुण्याला क्लासला गेला, कारण त्या मोठ्या विद्यापीठांची प्रवेशपरीक्षा असते हे त्याच्या चुलत्याला माहीत होतं. अशी परीक्षा असते हे आशाला कळलं तेव्हा त्या परीक्षेचा निकालही लागून गेला होता. मग मामाच्या पारगावाहून एसटीने जायला परवडेल असं कॉलेज. तिथे शिक्षक कमी, सुट्ट्या जास्त, दुसऱ्या वर्षी पुराव्याच्या कायद्यात ती एकदा गचकली, तीच ती केटी, आणि नंतर जे शिकली ते स्वतःच्या हिकमतीवर शिकली.

तिला कंपन्यांच्या करारांचं काम करायचं होतं. का, ते तिला नीट सांगता यायचं नाही. पण एखादा करार वाचायला घेतला की त्यात पुढच्या भांडणाची जागा कुठे आहे हे शोधण्यात तिला भूक-तहान आठवत नसे. असलं काम घोडेगावच्या कोर्टात मिळत नाही. ते मिळतं पुण्यातल्या बड्या फर्ममध्ये, आणि संयम नोकरीला होता तीच त्यातली सगळ्यात बडी. तिथे तिने दोनदा अर्ज केला होता. वेबसाइटवर कॉलेज निवडायची यादी उघडायची. त्यात नावाजलेली कॉलेजं ओळीने असायची, आणि सगळ्यात खाली एकच शब्द, "इतर". आशा इतर. दोन्ही वेळा नकार इतक्या चटकन आला की माणसाने अर्ज उघडलाच नसणार.

"मामा, शिडी आणा," आशा म्हणाली, आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला. संयमचा होता.

"कुठे आहेस?"

"तुझ्या धडाखाली."

"काय?"

"काही नाही. बोल."

संयमचा आवाज दबलेला होता. "नीट ऐक. मी ओझरला आहे. गुर्जर मॅडम दर्शनाला आल्यात, मीच घेऊन आलोय."

गुर्जर मॅडम म्हणजे त्या फर्मच्या मालकीणबाई.

"येताना फाट्यावर गाडी हळू झाली आणि त्यांनी तुझा फ्लेक्स वाचला. फोटो काढला. म्हणाल्या, तुझ्याच युनिव्हर्सिटीची दिसते, सुवर्णपदक आहे, आणि हिचा अर्ज आपल्याकडे कसा नाही? ओळखतोस का म्हणाल्या. मी म्हणालो, ओळखतो."

"आणि?"

"आणि काय? ओळखतोच ना. म्हणाल्या, बोलाव, चहाला. देवळाजवळच्या हॉटेलात बसलोय. ये."

"संयम, तू त्यांना सांगितलं नाहीस?"

"आशा, दोनदा तुझा अर्ज त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही. मी स्वतः दोनदा विषय काढला, त्यांनी कॉलेज विचारलं आणि पुढचं ऐकलं नाही. आज त्या आपणहून तुला बोलावतायत. अर्धा तास गप्प बस. खोटं बोलू नकोस, फक्त गप्प बस. एकदा तुझं बोलणं ऐकलं की कॉलेज कोण विचारतंय!"

मामाला एवढंच कळलं की ओझरला बड्या वकीलीणबाईंनी भाचीला बोलावलंय. त्याने शिडीचा विचार सोडला, पिकअप काढली, आणि वाटेत दोनदा म्हणाला, "फ्लेक्सचाच पायगुण बघ." आशा खिडकीतून बाहेर बघत होती. तिच्या डोक्यात दोनच वाक्यं आलटून पालटून येत होती. गप्प बस. सांगून टाक. सांगून टाकलं तर नोकरीची संधी जाणार हे तर दिसतच होतं. पण संयम त्या गाडीत गप्प बसला होता. ती बोलली तर त्याचं गप्प बसणंही उघडं पडणार होतं. ज्याने आपल्यासाठी नोकरी पणाला लावली त्यालाच तोंडघशी पाडायचं? विघ्नहराच्या दारात यायची वेळही काय आली होती!

हॉटेलात दुपारची गर्दी ओसरली होती. कोपऱ्यातल्या टेबलाशी गुर्जर मॅडम बसल्या होत्या. सुती साडी, कपाळावर देवळातला गुलाल, समोर प्रसादाचा पुडा. बाई वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. आशाला बघून त्या प्रसन्न हसल्या.

"ये, ये. बस. फोटोपेक्षा लहान दिसतेस गं तू."

संयमने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"मी इंटरव्ह्यू-बिंटरव्ह्यू घेत नाहीये," मॅडम म्हणाल्या. "एक गोष्ट सांगते, तू काय केलं असतंस ते सांग. माझा एक क्लायंट आहे, वेफर्सवाला. त्याने इकडच्या एका व्यापाऱ्याशी करार केला, ठरलेल्या भावाने हंगामभर बटाटा पुरवायचा. पुढे बाजार तिपटीने चढला. आता व्यापारी म्हणतो, रोग पडला, माल नाही, निसर्गापुढे माझा इलाज नाही. तू कंपनीची वकील आहेस. बोल."

प्रश्न ऐकला आणि आशाचं नेहमीसारखं झालं, बाकीचं सगळं मागे सरलं.

"आधी करार बघीन, मॅडम. बटाटा कुठला द्यायचं ठरलंय? अमुक शेतातलाच, असं लिहिलं असेल आणि त्या शेतात रोग पडला असेल, तर त्याचं म्हणणं टिकू शकतं. पण नुसता बटाटा म्हटलं असेल, तर त्याने बाजारातून घेऊन द्यायला हवा. महाग पडला म्हणून करार अशक्य होत नाही."

"बरं. पुढे?"

"त्याला नोटीस देईन. मुदत देईन. तरी दिला नाही तर कंपनीने बाजारातून माल घ्यायचा आणि भावातला फरक त्याच्याकडून मागायचा. पण ताबडतोब घ्यायचा. भाव अजून चढायची वाट बघत बसलं तर कोर्ट म्हणेल, नुकसान तुम्हीच वाढवलंत."

मॅडमनी कप खाली ठेवला. त्या पुढे झुकल्या. "आणि तो तोच बटाटा दुसऱ्याला विकतोय असं कळलं तर?"

"कोर्टातून मनाई हुकूम मागीन."

"करारात लवादाचं कलम आहे, समज. भांडण झालं तर कोर्टात नाही, लवादाकडे जायचं. मग?"

आशा अडली. हे तिने वाचलं होतं, पण अर्धवट. लवाद नेमायच्या आधी कोर्ट तात्पुरता हुकूम देतं एवढं आठवत होतं. त्यानंतर किती दिवसांत काय करावं लागतं, ते आठवेना. ठोकून द्यावं असं क्षणभर वाटलं.

"कोर्टात जाता येतं असं मला वाटतं, मॅडम. पण अटी नक्की सांगता येणार नाहीत. बघून सांगते."

मॅडम खुर्चीला टेकल्या आणि संयमकडे वळून चक्क टाळीच द्यायच्या बाकी राहिल्या.

"बघितलंस? हे आवडतं मला. दुसरा असता तर थापा मारल्या असत्या. येत नाही ते येत नाही म्हणायचं, हे धाडस चांगल्या कॉलेजात येतं. पाया पक्का असला की माणसाला लपवावं लागत नाही. उगाच का आम्ही तिथनं मुलं घेतो!" मग आशाला म्हणाल्या, "एक तारखेपासून येशील? बाकीचे सोपस्कार हा बघेल."

झालं. एवढंच होतं. होय म्हणायचं आणि पाया पडायचं. आशाला बापाचं तोंड आठवलं. ज्योतिबा मेंढरं विकून ऊस लावणारा माणूस, त्याला फर्म म्हणजे काय तेही माहीत नव्हतं, पण पोरीचा अर्ज दोनदा परत आलाय हे माहीत होतं आणि तो त्यावर कधी बोलला नव्हता. आई, तानूबाई, नवस बोलून बसली होती. होय म्हणायला एक श्वास पुरला असता.

पण मॅडमनी नुकतंच जे कौतुक केलं होतं ते तिच्या कानात अडकलं. लपवावं लागत नाही.

"मॅडम, एक सांगायचंय."

"मॅडम, अजून चहा सांगू का?" संयम घाईने उठला.

"बस रे. बोल गं."

"फ्लेक्सवरची ती ओळ माझी नाही. दुकानवाल्याने जुन्या फ्लेक्सवर माझं नाव घातलं, खालची ओळ तशीच राहिली. मी तुमच्या... मी त्या विद्यापीठात शिकले नाही. तालुक्याच्या कॉलेजात शिकले. पंचावन्न टक्के आहेत. एक केटी आहे. तुमच्याकडे दोनदा अर्ज केला होता."

हॉटेलच्या भटारखान्यात कुणीतरी भांडी घासत होतं, त्याचा आवाज एकदम मोठा झाला. मॅडमनी आधी आशाकडे पाहिलं, मग संयमकडे. संयमने मान खाली घातली.

"तुला माहीत होतं."

"हो, मॅडम."

"तुझ्याशी नंतर बोलते." मग त्या आशाकडे वळल्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर आशाला सोपं गेलं असतं. त्यांचा आवाज सभ्य झाला, आणि मघाचं "तू" निघून गेलं. "तुम्ही सांगितलंत हे चांगलं केलंत. पण तुम्हीच बघा ना. लवादाचा मुद्दा तुम्हाला आला नाही. तो व्यापारी वादातला अगदी प्राथमिक मुद्दा आहे. मघाशीच मला जरा खटकलं होतं. पाया कच्चा असला की असं होतं. त्यात तुमची चूक नाही."

आशाला आधी नीट कळलंच नाही. मग कळलं, आणि कानशिलं तापली. तेच उत्तर होतं. त्यातला एक शब्द बदलला नव्हता. टेबलावरचा चहासुद्धा अजून निवला नव्हता.

"मॅडम, मघाशी तुम्ही त्यालाच चांगलं म्हणालात."

"मघाशी मला वाटलं होतं..." मॅडम बोलता बोलता थांबल्या. "हे बघा, माझ्याकडे अर्जांचा ढीग येतो. सगळे वाचायचे म्हटलं तर वकिली कधी करू? गाळणी लावावीच लागते. आणि क्लायंट आमच्या वेबसाइटवर वकिलाचा फोटो बघतो, खाली कॉलेज बघतो. त्याला मी काय सांगू? इतर?"

"गाळणीचं कळतं, मॅडम. ढीग असला की निवडावं लागतं. पण मी आत्ता ढिगात नव्हते. तुमच्यासमोर बसले होते. तुम्ही मला ऐकलंत. माझं उत्तर कच्चं असेल तर मघाशीही कच्चंच म्हणायचं होतं. मी ऐकून घेतलं असतं."

मॅडमनी प्रसादाचा पुडा पर्समध्ये घातला. उठायची तयारी झाली होती. सगळं संपलं होतं, आणि आशालाही ते दिसत होतं. तेव्हा खुर्चीत अवघडून बसलेला संयम बोलला.

"मॅडम, माझ्या इंटरव्ह्यूला तुम्ही हाच प्रश्न विचारला होता."

"असेल. बऱ्याच जणांना विचारते."

"कांद्याचा विचारला होता, पण हाच. मलाही लवादाचं आलं नव्हतं. मी तर बघून सांगतो असंही म्हणालो नाही. ठोकून दिलं. चुकीचं."

"मला आठवत नाही."

"मला आठवतं," संयम म्हणाला. आता तो थांबणार नव्हता. "तुम्ही हसलात आणि म्हणालात, काही हरकत नाही, हे शिकवता येतं."

मॅडम उठल्या. एका हातात पर्स, दुसरा हात खुर्चीच्या पाठीवर. मग म्हणाल्या, "ड्रायव्हरला गाडी काढायला सांग," आणि आशाकडे न बघता बाहेर गेल्या.

पिकअपमध्ये बसेपर्यंत आशाने धीर धरला. मामाने विचारलं, "काय झालं?" तर म्हणाली, "न्हाई झालं." त्याने पुढे विचारलं नाही, आणि त्या न विचारण्याने तिला रडू फुटलं. फाटा जवळ आला तसा मामा म्हणाला, "त्या फ्लेक्सनंच घात केला का गं?"

"फ्लेक्सनं न्हाई."

"मी दादाभाऊचा मजकूर वाचायला पायजे व्हता. पण मला आपला तुझा फोटूच दिसत व्हता, पोरी."

आशाने डोळे पुसले. "मामा, गाडी फ्लेक्सखाली लावा. मागं घ्या, अजून. बास."

पिकअपच्या हौद्यात क्रेटवर नाव घालायच्या काळ्या रंगाचा डबा आणि ब्रश कायमचा पडलेला असे. आशा ओढणी कमरेला खोचून टपावर चढली. फाट्यावरच्या लोकांना असली करमणूक रोज कुठे मिळते? पंक्चरवाला हातातली ट्यूब तशीच धरून बघायला आला, रसवंतीवाल्याने घुंगरू थांबवले.

"ताई, काय चुकलं का फ्लेक्समंदी?"

"व्हय. एक ओळ."

तिने आधी ती लाल ओळ काळी केली. एका हाताने भागलं नाही, लाल अक्षरं पुन्हा वर येत होती, म्हणून दोन हात दिले. मग मोकळ्या पिवळ्या पट्टीवर, क्रेटवर घालतात तशा ठसठशीत अक्षरांत लिहिलं, "कॉलेज : इतर. पंचावन्न टक्के. एक केटी."

खालून मामा कळवळला. "आगं केटी कशाला? येवढी तरी राहूंदी!"

"न्हाई मामा. समदंच लिवायचं."

कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, "नाद न्हाय करायचा!" आणि तेवढ्यात ओझरच्या रस्त्याने ती पांढरी गाडी आली. वळणावर हळू झाली, पुढे गेली, आणि थांबली. मग मागे मागे येत अगदी पिकअपला लागून उभी राहिली.

आशा टपावर ब्रश धरून उभी. तिच्या हातावर, कोपरावर काळा रंग. काच खाली आली. मॅडमनी मान वाकडी करून वर पाहिलं आणि सगळं सावकाश वाचलं. पुढच्या सीटवर संयम समोर बघत बसला होता, शाळेत बाकावर उभं केलेल्या पोरासारखा.

"हा कोट कुणाचा?" मॅडमनी विचारलं.

"माझा आहे, मॅडम," संयम पुढूनच म्हणाला.

मॅडमचा ओठ हलला, पण त्या हसल्या नाहीत. मागून एसटीने हॉर्न दिला तरी त्यांनी गाडी हलवू दिली नाही.

"आशा, तो लवादाचा मुद्दा. बघून सांगते म्हणाली होतीस."

"हो, मॅडम."

"मंगळवारपर्यंत लिहून पाठव. वेबसाइटवर नाही, संयमकडे. यंदाच्या बाकीच्या अर्जदारांकडूनही मी हेच मागवणार आहे. वर कुणाचंच कॉलेज नको, नावही नको. संयम नंबर घालेल आणि मग माझ्या हातात देईल." त्यांनी काचेच्या बटणावर बोट ठेवलं आणि परत काढलं. "मी काही कबूल करत नाहीये. उत्तर कच्चं असलं तर कच्चंच म्हणेन."

"म्हणा, मॅडम," आशा म्हणाली.

काच वर गेली, गाडी पुण्याच्या रस्त्याला लागली. एसटीचा ड्रायव्हर काहीतरी पुटपुटत पुढे निघाला. आशा टपावरच बसली.

"काय म्हणली बाई?" मामाने खालून विचारलं.

"उत्तर लिहून पाठव म्हणाली."

"म्हंजी नोकरी लागली?"

"न्हाई."

"लागायची हाय?"

"ठाऊक न्हाई, मामा. उत्तर बरं आलं तर."

मामाने गॉगल काढला, वर काळ्या ओळीकडे पाहिलं, भाचीकडे पाहिलं. ती रडत होती की हसत होती ते त्याला उमगेना. बऱ्याच विचाराने तो म्हणाला, "मग दादाभाऊला सांगून ठिवू का? दुसऱ्या फ्लेक्सचं?"

आशाने ब्रश डब्यात टाकला आणि खाली उतरायला त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मामाच्या पांढऱ्या सदऱ्यावर तिची पाची बोटं उमटली.

"सांगा," ती म्हणाली. "पण मजकूर मी लिवून देणार."